कॅमेऱ्यामागचे चुलते

माझे वडील शेवटच्या दुखण्यात खाटेला खिळले होते, तेव्हा गावातली माणसं एकेक करून भेटून जायची. कुणी "होतील बरे" म्हणे, कुणी उशाशी शहाळं ठेवून निघून जाई. शेजारचे सुदामअप्पा आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, एक डोळा मिटून बराच वेळ वडिलांकडे पाहत राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, फेड आउट चालू झाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आपण काही वावगं बोललो हे अप्पांच्या गावीही नव्हतं. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समजूत घातली, "घाबरू नका. कटपेक्षा फेड आउट चांगला. चित्र हळूहळू अंधारत जातं, पाह्यणाऱ्याला तयारीला टाइम भेटतो. कट लय वाईट. आत्ता माणूस हाय, आत्ता न्हाई." आठवडाभरात वडील गेले. तयारीला वेळ मिळाला होता हे खरं, त्या वेळेचं मी काय केलं ते मला अजून उमगलेलं नाही.

कुंभार पिंपळगावात माझं मेडिकलचं दुकान, दुकानामागे घर, आणि भिंतीला भिंत लावून अप्पांचा व्हिडिओ शूटिंगचा गाळा. तरुणपणी ते जालन्याला एका शूटिंगवाल्याकडे वायरी गुंडाळायच्या कामाला होते. तिथून येताना पोतंभर इंग्रजी शब्द घेऊन आले. हे शब्द त्यांनी लग्नाच्या मांडवात ठेवले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण अप्पांचं सगळं जगणंच त्या शब्दांत चाले. चहा पांचट झाला की "अंडरएक्स्पोज हाय". सून सासूसमोर बोलायची थांबली की "पॉजवर गेली". माझ्या देव्हाऱ्यावरचा दत्ताचा फोटो पाहून ते हळहळले, "भाऊ, देवाला हेडरूम न्हाई ठेवली तुम्ही. डोकं चौकटीला टेकून राह्यलं. कसा पावंन मंग?" मी खिळा काढून फोटो खाली घेतला. नंतर लक्षात आलं, हेडरूम फोटोच्या आत असते, भिंतीवर नाही. खिळ्याचं भोक तेवढं राहिलं.

कंटिन्युइटी हा त्यांचा खरा आजार. घनसावंगीच्या एका लग्नात त्यांनी ऐन सप्तपदीत हात वर केला आणि विधी थांबवला. का, तर नवरदेवाच्या तोंडातलं पान पहिल्या फेऱ्यात उजव्या गालात होतं आणि तिसऱ्या फेऱ्यात डाव्या गालात गेलं. "पाह्यणारा म्हणंन, ह्यो माणूस बदलला का काय!" नवरदेवाचा मामा हातात चप्पल घेऊन धावला. भटजींनी मध्ये पडून पान उजवीकडे घ्यायला लावलं, तेव्हा कुठे लग्न पुढे सरकलं.

गावात कुणाचं वाजलं की अप्पा मिटवायला हजर. "पहिले मास्टर शॉट घ्या," ते सांगत. "समदे लोक, समदी जागा एका फ्रेममधी येऊ द्या. क्लोजअपवर कामून भांडता? क्लोजअपमधी एकाचंच तोंड दिसतं." लोक हसत, पण ऐकत. एक भांडण मात्र त्यांना कधी मिटवता आलं नाही, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांचे थोरले भाऊ साहेबराव. दोघांचं एकत्र होतं, शेत एक, चूल एक. कॅमेरा घ्यायचा म्हणून अप्पांनी विहिरीजवळचा आपल्या वाट्याचा तुकडा परक्याला विकला. साहेबरावांनी ओसरीवर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ज्यानं माय इकली त्यो माझा भाऊ न्हाई." त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. अप्पा गाळ्यात राहायला आले. जमीन विकून डबा घेणाऱ्याला पोरगी कोण देणार? लग्न झालंच नाही. एकदा मी तो विषय काढला तर म्हणाले, "डिझॉल्व माहितीय का भाऊ? एक चित्र जाता जाता दुसरं येतं. दादानं डिझॉल्व दिलाच न्हाई. डायरेक्ट कट."

त्या ‘कट’ने त्यांच्या हातून गेली ती साहेबरावांची संगीता. ज्या खांद्यावर पुढे कॅमेरा आला, त्या खांद्यावर त्याआधी ही पोर बसायची. चुलत्याच्या हातचंच जेवायची. भांडण झालं तेव्हा ती पहिलीत होती. नंतर शाळेत जाता-येता गाळ्यासमोरून जायची, तर बापाच्या धाकाने मान खाली घालून. अप्पा तिची शाळा सुटायच्या वेळी बरोबर बाहेर स्टुलावर येऊन बसत आणि लेन्स पुसत राहत. इतकी पुसलेली लेन्स साऱ्या तालुक्यात नसेल.

तिचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांची एकच अट, शूटिंग पाहिजे. तिथी दाट होती, अंबड-जालन्याचे सगळे कॅमेरे आधीच ठरलेले. साहेबराव चार दिवस हिंडले आणि शेवटी माझ्या दुकानात येऊन खाली मान घालून म्हणाले, "बाजूच्या शूटिंगवाल्याला सांगा. रीतसर इसार द्या. गिऱ्हाईक म्हणून."

मी इसार घेऊन गाळ्यात गेलो. अप्पांनी नोटांकडे पाहिलं नाही.

"पत्रिका?" त्यांनी विचारलं.

पत्रिका नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "फ्रेमच्या बाहीर का व्हईना, सीनमधी तर हाय." मला फार वाईट वाटलं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात या माणसाला भाड्याचा शूटिंगवाला म्हणून शिरावं लागणार होतं.

लग्नाच्या दिवशी अप्पा इस्त्रीचा सदरा घालून पहाटेपासून मांडवात. हळद, वरात, अंतरपाट, सगळं त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावून पाहिलं. त्या दिवशी एकदाही लग्न थांबवलं नाही, हेच मला खटकलं. मग मानपानाची वेळ झाली. माइकवाला बाहेरगावचा, त्याला काय ठाऊक! त्याने सवयीने पुकारा केला, "नवरीचे सख्खे चुलते, जिथं असतील तिथून स्टेजकडे यावं." साहेबरावांनी घाईघाईने एका चुलतभावाला पुढे ढकललं. त्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला, आणि अप्पांनी त्याचं शूटिंग केलं. त्यांचा हॅलोजनचा दिवा त्या दिवशी मी धरला होता, म्हणून मला जवळून दिसलं. कॅमेऱ्याच्या आयपीसला लावलेला डोळा कोरडा होता. दुसरा मिटलेला होता, त्यातून पाणी गळत होतं.

मग नवरा-नवरी पाया पडायला निघाली. आई, बाप, मामा, तो फेटेवाला चुलता. रांग संपली. संगीता तिथेच थांबली, आणि नवऱ्याचा शेला आपल्या पदराला बांधलेला होता त्यासकट त्याला ओढत सरळ कॅमेऱ्याकडे चालत आली.

अप्पा एक पाऊल मागे सरकले. "बाई, फोकस जातोय... मागं हो," ते पुटपुटले. ती मागे झाली नाही. ती वाकली. साहेबरावांनी मान वळवून आचाऱ्यांकडे पाहायला सुरुवात केली.

महिन्याभराने कॅसेट आली. गावात व्हीसीआर असलेली घरं दोन-चार, त्यातलं एक माझं. साहेबराव दुपारी एकटेच पाहायला आले. जालन्याचा मिक्सिंगवाला मांडवातला सगळा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवतो, तशी ती सुरुवातीपासून चढवलेली होती. सनई, मग गाणं, मग दुसरं गाणं. संगीता पडद्यावर मोठी मोठी होत गेली, धूसर झाली, खाली नाहीशी झाली. आणि गाणं बंद पडलं.

तेवढ्या भागावर अप्पांनी गाणं चढवू दिलं नव्हतं. कॅमेऱ्याचा माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर. पडद्यावर नुसतं मांडवाचं कापड हलत होतं, माणूस एकही नव्हता, आणि साऱ्या खोलीत एका पुरुषाचं हुंदके देत रडणं भरून राहिलं होतं. मधूनच शब्द, "सुखी राह्य, बाळा. सुखी राह्य."

मी धास्तावलो. साहेबराव आता हे कापून आणायला सांगणार. ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज बारीक करा भाऊ. भिंतीपल्याड ऐकू जाईन." मी आवाज कमी केला. "आता मागं घ्या जरा." मी मागे घेतली. असं ते पुन्हा पुन्हा मागे घ्यायला लावत राहिले, आणि दर वेळी टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसले. शेवटी टोपी डोक्यावर ठेवून उठले. गाळ्यासमोरून जावं लागू नये म्हणून मागच्या दाराने गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडत होतो, तर अप्पा पायरीवर बसलेले.

"दादा आल्ता?"

"आले होते."

"कापायला सांगितलं?"

"नाही. सारखं मागे घ्यायला लावत होते."

यावर शूटिंगच्या भाषेतलं काहीतरी येईल म्हणून मी थांबलो. अप्पांनी हाताची बोटं मोडली, रस्त्याकडे पाहिलं.

"काही खाल्लं का त्यानं तुमच्याकडं?"

"नुसता चहा घेतला."

"साखर टाकल्ती?"

"हो. का?"

"टाकायची नव्हती," अप्पा म्हणाले. "शुगर हाय त्याला."

साहेबराव कुणाला कळू नये म्हणून गोळ्या माझ्याकडून कागदात गुंडाळून न्यायचे. मी हे आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. अप्पांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. ते उठले, शटर वर ढकललं आणि आत गेले.