आधी माझी पाठ

घोडीची पाठ दुखत होती आणि मी तिच्यासाठी माणसांचा फिजिओथेरपिस्ट घेऊन गेलो. तोसुद्धा, पेशंट घोडी आहे हे त्याला न सांगता.

चूक माझीच. पण निम्मी हमीदभाईंची, आणि ती कशी, हे समजायला आधी हमीदभाई समजायला हवेत.

हमीदभाई दापोलीकडच्या खाडीकाठचे. इथं आखातात, फहाहीलमध्ये, त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. मी नाशिकचा, तेल कंपनीत इंजिनियर. ऑफिसच्या खुर्चीनं कंबर धरली म्हणून गाडीत ठेवायला उशी शिवून घ्यायला गेलो, तेव्हा ओळख झाली. उशी शिवून होईपर्यंत मी त्यांना व्याख्यान दिलं: जाड फोम घातला की भार सगळीकडे सारखा पसरतो, पाठीला त्रासच होत नाही. माझं बोलणं इतकं मन लावून घरात कुणी ऐकलेलं नाही. त्यामुळे मी फारच बोललो.

दुकान बंद झालं की हमीदभाई गाडी काढून गावाबाहेरच्या एका तबेल्यावर जातात. तिथल्या खोगिरांखालच्या गाद्या तेच शिवून देतात, पण जातात ते एका करड्या घोडीसाठी. तिच्या दारावर लांबलचक अरबी नाव रंगवलंय. हमीदभाई मात्र तिला 'बाय' म्हणतात, गावाकडे लेकीला म्हणतात तसं. तिला खरारा करता करता दिवसभरातलं सगळं सांगायचं: कुठल्या गिऱ्हाइकानं रंगावरून हुज्जत घातली, कारागीर परत कसा उशिरा आला. घोडीनं कान मागे पाडले की म्हणायचं, "बघ, हिला पण राग आला."

उन्हाळा सरता सरता बायनं पाठीवर कुणाला बसू देणं बंद केलं. खोगीर दिसलं की चावायला धावायची. तबेल्याचे मालक बू नासर शांतपणे म्हणाले, थंडीत स्वारीचा हंगाम सुरू होईल, तोवर बरी झाली तर ठीक, नाहीतर विकू. खलास. पाठ गेलेली घोडी विकत कोण घेतं आणि कशाला, हे तिथं कुणी बोललं नाही.

तेव्हापासून हमीदभाई घोड्यांच्या पाठीचा खात्रीचा माणूस शोधायला लागले, आणि त्यांच्याबरोबर तबेल्यावर जाता जाता मला माणूसजातीचा जो अनुभव आला त्यानं अजून माझं डोकं तापतं. मुकं जनावर. त्याला दुखतंय की नाही हे ते सांगू शकत नाही, आणि बरं वाटलं की नाही हेही नाही. म्हणजे लुबाडायला याहून सोयीचा पेशंट नाही. एकजण तांबड्या उजेडाचं यंत्र घेऊन आला. यंत्र घोडीला लावलं आणि स्वतः फोनवर क्रिकेट बघत बसला. दुसऱ्यानं घोडीचा फोटो मागवला आणि परदेशात बसून, फोटोवरून, तिचा तिसरा मणका सरकल्याचं कळवलं. एकानं घोडीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, हिच्या मनात जुनं दुःख आहे. हमीदभाई म्हणाले, "तुला बघून झाला असंल."

या सगळ्यांना गाळायला हमीदभाईंनी एक परीक्षा काढली होती. स्पेशालिस्ट तबेल्यात पाय ठेवायचा की हे दारात आडवे. "आधी माझी पाठ." सदरा वर करून तिथंच गवताच्या गठ्ठ्यावर पालथे पडायचे. हमीदभाईंच्या कमरेत डाव्या बाजूला खरंच जुनं दुखणं आहे. पण सांगताना सांगायचे उजवी.

"खोटा असंल तो उजवीकडंच दाबणार," त्यांनी मला समजावलं. "बायला बोलता येत नाय. मना येता. तिच्या वतीनं मी दाबून घेतो."

सगळे उजवीकडेच दाबायचे. एकजण तर दाबून म्हणाला, बाप रे, केवढी गाठ आहे. हमीदभाई उठले, सदरा खाली केला आणि म्हणाले, "गाठ तुझ्या अकलेला. चल, यल्ला."

एक इजिप्शियन डॉक्टरीणबाईही येऊन गेल्या होत्या, जनावरांच्या. त्यांनी गठ्ठ्यावरच्या हमीदभाईंकडे बघितलं आणि सांगितलं, मी घोडी बघायला आलेय, बाजूला व्हा. हमीदभाई झाले नाहीत. त्या निघून गेल्या. "हात लावायचीच हिंमत नाय," हमीदभाईंनी निकाल दिला, आणि मी मान डोलावली.

आणि मग मला सुचलं, की माझी कंबर बरी करणारा हवल्लीतला थॉमस या परीक्षेत नक्की पास होईल. पाठ ती पाठ, मणका तो मणका. हे मी, एक शिकलेला माणूस, मनातल्या मनात म्हणालो.

घोडी म्हटलं असतं तर तो आला नसता. म्हणून म्हटलं, मित्राच्या घरातली आहे, चालता येतं पण फार बोलत नाही. गाडीत त्यानं विचारलं, वय? म्हटलं, चौदा. अरेरे, म्हणाला, एवढ्यात पाठ? वजन? आता खोटं किती बोलणार.

"साडेचारशे."

"पाउंड?"

"किलो."

थॉमसनं सीटबेल्ट सोडायला घेतला. तोवर तबेला आला होता.

हमीदभाई गठ्ठ्यावर तयारच होते. "राइट साइड में दर्द है," त्यांनी सांगितलं. थॉमसनं बोटं फिरवली, उजवीकडे थांबला नाही, डावीकडे अंगठा टेकवला आणि म्हणाला, "अंकल, राइट में कुछ नहीं है. इधर है. बहुत पुराना है." हमीदभाई पालथे पडल्या पडल्याच हसायला लागले. "मिळाला रे, इंजिनेर. बायला दाखव."

थॉमस उठला, लांबूनच बायकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. "अंकल, घोडा मेरा काम नहीं. मैं झूठ क्यूँ बोलूँ. इसकी डॉक्टर को बुलाओ."

हमीदभाईंचं हसू गेलं. गठ्ठ्यावर उठून बसत त्यांनी सदरा खाली केला.

"ती बाई पण हाच बोलली होती," ते म्हणाले. "माणूस माझं काम नाय. आन मी तिला हाकलली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. बाई आल्या. हमीदभाई दारातून बाजूला झाले. बाईंनी घोडी चालवून बघितली, पाठीवर हात फिरवला, मग खोगीर मागवलं. त्याखालची गादी हातात घेतली आणि दोन बोटांत दाबत राहिल्या. चांगला तळहाताएवढा जाड फोम होता. त्या म्हणाल्या, घट्ट बुटात जाड मोजे घालावेत तसं झालंय. मऊ म्हणून जितकं भरलं तितकं खोगीर आवळत गेलं. हा काढा, महिनाभर पाठ मोकळी ठेवा, घोडीला बाकी काही झालेलं नाही.

"एवढा फोम कुणी घालायला सांगितला?" बाईंनी विचारलं.

मी छपराकडे बघितलं.

"मीच," हमीदभाई म्हणाले. "मना वाटला, तिला मऊ लागंल." आणि ती गादी काखेत धरून बाहेर गेले.

थंडीत बायवर खोगीर चढलं तेव्हा ती चावली नाही. बू नासर "खलास" म्हणाले, पण या वेळी हसून.

आता परीक्षेसाठी दुखणं जपून ठेवायची गरज उरली नव्हती. मी हमीदभाईंना धरून थॉमसकडे नेलं. थॉमसनं विचारलं, कहाँ दर्द है? सवयीनं म्हणाले, उजवी. मग जरा थांबून, हळूच, डावी. थॉमस म्हणाला, रोज गरम पिशवीनं शेकून वर मलम चोळायला हवं, हात तिथं पोचणार नाही, घरात कोण आहे?

बायको गावाला. मुलं आपापल्या संसारात.

"बाय हाय," हमीदभाई म्हणाले.

मला काय वाटलं कोण जाणे, मी बोलून गेलो, मी येत जाईन रोज ऑफिस सुटल्यावर, शेकून देईन.

हमीदभाईंनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं.

"नको रे बाबा. तू फोम घालशील."