रखमाजी द्वाररक्षकाने उंबरठा राखिला त्याची हकीकत

श्री. काठी, चेंडू आणि चुन्याची रेघ या तिहींस नमन करून लिहिले जाते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास. ते समयी आमचे राज्य हॉकीच्या युद्धात दुसऱ्या पंगतीस बसत असे. पहिल्या पंगतीस थोर राज्ये जेवीत आणि दुसरीचे पान मांडेतो जिलबी संपून जाई, मग मठ्ठ्यावर समाधान मानून उठावे, ऐसी बहुत वर्षे गेली. मग समुद्रापलीकडे दुसऱ्या पंगतीच्या आठ राज्यांची स्पर्धा नेमिली गेली आणि ठराव जाहला की जिंकेल ते एकच राज्य वर चढेल. सरनोबत मानाजी हुलवळे पथक घेऊन निघाले आणि गोलाच्या दारी रखमाजी डोईफोडे यांसी नेमिले. रखमाजी अंगाने मातबर, शिरस्त्राण, छातीस ढाल, पायी जाड पट्टे, परंतु वाढले ते मुरुमाच्या मैदानात. तेथे चेंडू दाराशी येता टप्पा खाऊन उसळे, म्हणोन चेंडू दिसला की पाय उचलावा ही सवय हाडी मुरलेली. परदेशचे मैदान म्हणजे निळा गालिचा, वर पाणी शिंपडलेले. तेथे चेंडू उसळेना, सापासारखा सरपटे. रखमाजींनी पाय उचलावा आणि चेंडूने खालून जावे, ऐसे चार वेळा घडले. पुढच्या वीरांनी अधिक गोल केले म्हणोन अंतिम लढाई गाठिली. मानाजी थट्टेने बोलिले, “रखमाजीराव, पाहुण्यास वाट देण्याची रीत घरी ठीक. इथे कशास?” सारे हसले आणि रखमाजीही हसले, परंतु त्या दिवशी त्यांस जेवण गेले नाही.

लढाईच्या सकाळी त्यांनी घरी फोन केला. त्यांच्या कुळी चाल ऐसी की लेकराने पहिल्याने उंबरठा ओलांडावा तो बापाच्या देखत, मग करंज्या वाटाव्या. आणि कन्या बकुळा तर रांगू लागलेली, सारखी दाराकडे धाव घेई. रखमाजींनी विचारिले की तीस आवरता कैसे. पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, “मागे लागलं की ती जास्तच पळते, हो. मी आधीच पुढे जाऊन दारात आडवी पडते. येते, पोटाशी थडकते आणि तिथेच हसत बसते. तुम्ही या लवकर, माझी पाठ मोडली.”

मग युद्ध जाहले. चारही डाव वीर तुंबळ झुंजले आणि बरोबरी राहिली, मग एकेका वीराने आठ सेकंदांत द्वाररक्षकास चुकवावे ऐसा निवाडा ठरला. कोणी मानाजींस सुचविले की दारी दुसरा माणूस द्यावा. मानाजी रखमाजींकडे पाहून इतकेच बोलिले, “तुम्हीच उभे राहा.” रखमाजी राहिले, परंतु सवय आडवी आली, दोनदा पाय उचलला आणि दोन गोल जाहले. तरी आपला एक गोल अधिक आणि शत्रूचा एकच वीर शिल्लक, ऐसी वेळ आली. तो वीर वाऱ्यासारखा निघाला. रखमाजींचा पाय उचलणार, इतक्यात बकुळा नजरेपुढे आली, आणि त्यांनी दार सोडिले, चार पावले पुढे धावले आणि गालिच्यावर सपशेल आडवे पडले. वीर डावीकडे वळला तो तेथे पट्टे, उजवीकडे वळला तो तेथे काठी, आणि चेंडू येऊन पोटाशी थडकला. भोंगा वाजला. मानाजी धावत आले आणि उठवू लागले, तो रखमाजी चेंडू पोटाशी धरून हसतच होते.

पथक परतले, नगारे वाजले, आणि राज्य पहिल्या पंगतीचे जाहले. रखमाजी घरी पोहोचले. सगुणाबाई म्हणाल्या, “आता तुमची पाळी,” आणि भिंतीस टेकून बसल्या. बकुळा निघाली. रखमाजी सवयीने पुढे जाऊन उंबरठ्याशी आडवे पडले. ती आली, पोटाशी थडकली, क्षणभर थांबली, मग बापाच्या छातीवर दोन्ही तळवे टेकून वर चढली आणि पलीकडे अंगणात उतरली. आठ राज्यांत हा एकच गोल रखमाजींनी आनंदाने खाल्ला.

एकूण हकीकत इतकी की राज्य वर चढले, कन्या बाहेर पडली, आणि करंज्या दुसऱ्या पंगतीसही पुरल्या.