टिपणीसकाकांचा अडकित्ता

टिपणीसकाकांकडे गेलं की हातात पाण्याचा ग्लास यायच्या आधी बंदुकीचा चाप येतो. अख्खी बंदूक नव्हे, नुसता चाप. म्हणजे घोडा, त्याची कमान आणि ठिणगी पाडायची पट्टी असं सगळं मिळून तळहाताएवढं लोखंडी यंत्र. "वजन बघ," काका म्हणतात. आपण बघतो. "हं, आता पाणी पी."

सिंगापुरात हौगांगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काका एकटे राहतात. बँकेत हिशेब तपासण्यात जन्म गेला, आता रिटायर झालेत. मुलगी टोरांटोला. बाकीची माणसं रिटायर झाली की पुलाउ उबीन बेटावर जाऊन सायकली चालवतात, नाहीतर गीतेचा वर्ग लावतात. काका बाल्कन मुलखातल्या ठासणीच्या जुन्या बंदुका जमवतात. अल्बानिया, बल्गेरिया, ग्रीस, जिथली मिळेल तिथली. आता सिंगापुरात बंदूक घरात आणणं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यामुळे विकत घेतलेल्या बंदुका व्हिएन्नातल्या दुकानदाराकडेच पडून, आणि चाप तेवढे रीतसर परवानगी काढून इथे. एकही बंदूक हातात न धरलेला बंदुकांचा मालक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"बंदुका तिकडे, चाप इकडे. मग नांदायचं कधी हो काका?" मी एकदा विचारलं.

"योग यावा लागतो," काका म्हणाले. चेहरा एकदम गंभीर. मुलीच्या बापाचा असतो तसा.

काका अल्बानियाला कधी गेलेले नाहीत, पण तिथल्या माणसाची त्यांना खडान्‌खडा माहिती. लिफ्ट बंद पडली की, "अल्बानियन माणूस एव्हाना जिन्याने वर पोचला असता." हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मी टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवलं तर, "अल्बानियन माणसाने टिश्यू ठेवला नसता." मग काय ठेवलं असतं, हे विचारायची सोय नाही. तासाभराची निश्चिंती होते. मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात दिवसभर मीटिंगा करून आलेली असते, मला घरी कुकर लावायचा असतो.

एकदा त्यांना ताप होता म्हणून मी त्यांच्या ओट्याशी खिचडी करायला उभी राहिले. फोडणीसाठी मिसळणाचा डबा उघडला. मोहरीच्या वाटीत बारके स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत गारगोट्या, हळदीच्या वाटीत गंज काढायची कसलीशी पूड. मी कपाळाला हात लावला.

"काका, फोडणी कशाची देऊ? गारगोट्यांची?"

"अगं, एकट्यासाठी कोण फोडण्या करत बसतंय," आतून आवाज आला. "वाट्या रिकाम्या होत्या. म्हटलं, असू देत कशाला तरी."

रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून खटक्, खटक् असा आवाज येतो. काका घोडे चढवून सोडत बसतात. माझी आजी रिकामी कात्री वाजवू द्यायची नाही, घरात भांडणं होतात म्हणायची. मी काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "होऊ देत की. पण भांडायला समोर कोणी हवं ना." हे ते हसत म्हणाले.

हा सगळा नाद लागला कसा, तर वसुधाकाकूंमुळे. काकू म्हणजे काकांची बायको, पाच-सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना जेवणानंतर सुपारी लागायची. इथल्या एका जुन्या बाजारात त्यांना लोखंडी वस्तू दिसली, जबडा उघडा, बाजूला दांडी. काकू घासाघीस करून ती अडकित्ता म्हणून घेऊन आल्या. दोन दिवस त्यावर सुपारी फोडायचा प्रयत्न चालला. सुपारी फुटेना आणि काकू हार मानेनात. तिसऱ्या दिवशी घोडा सुटला, काकूंचं बोट चेचलं आणि काका ती वस्तू घेऊन माहिती काढायला निघाले. तो अल्बानियन बंदुकीचा चाप निघाला. "तुमच्या अडकित्त्याला बंदूक शोधा आता," काकू म्हणाल्या. त्या चेष्टेने म्हणाल्या असतील, पण हिशेब तपासणाऱ्या माणसाने ते काम म्हणूनच घेतलं. बाकीचे चाप, बाकीच्या बंदुका, सगळं या एका शोधात वाटेवर सापडलेलं. काकू गेल्या तरी शोध चालूच होता.

गेल्या वर्षी व्हिएन्नाहून एका बंदुकीचा फोटो आला. चाप नसलेली. मापं आली, गेली, परत आली. एवढी छाननी तर माझ्या लग्नात पत्रिकेचीसुद्धा झाली नव्हती. काकूंच्या अडकित्त्याशी जुळलं. बार उडू नये म्हणून नळी बुजवून घेतली, परवानगी मिळाली आणि ती बया एकदाची हौगांगला येऊन पोचली. माझ्या नवऱ्याच्या खांद्याला लागेल एवढी लांब, काटकुळी, अंगभर पितळेचा नक्षीदार पत्रा. काकांनी ती हातात धरली आणि पहिल्यांदाच अल्बानियन माणसाविषयी काही बोलले नाहीत.

चाप बसवायचा तो खंडेनवमीला, असं ठरलं. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रं पूजतात. आम्ही आयटीवाले लॅपटॉपला हळदकुंकू लावतो आणि पुढे महिनाभर कीबोर्डातून अक्षता झटकतो. इथे तर खरंखुरं शस्त्र होतं. काकांनी ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना मेसेज केला. उत्तरादाखल अंगठे आले, जोडलेले हात आले. काकांनी लिटिल इंडियातून पेढे आणले, आमच्याकडच्या चार खुर्च्या नेल्या.

आले कोण? मी. नवराही टूरवर होता. कुणाला ऑफिस, कुणाच्या मुलाची परीक्षा. काका दाराकडे बघत होते आणि मी पेढे खात होते, दुसरं करणार काय? शेवटी म्हणाले, "चल, उरकून घेऊ. हे दोन माणसांचं काम आहे. एकाने बंदूक आणि चाप घट्ट धरायचा, दुसऱ्याने पलीकडून दोन स्क्रू पिळायचे."

मी धरली. काकांनी स्क्रू पिळले, इतके सावकाश की माझे दंड भरून आले. मग हळदकुंकू वाहिलं. "वसुधा, झालं गं," म्हणाले. मला रडूच आलं. रिकाम्या खुर्च्या परत न्यायचं निमित्त करून मी घरी आले.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. काका दारात.

"मीनल, जरा येतेस? स्क्रू ढिला झालाय."

गेले, धरली, त्यांनी पिळला. चहा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी परत बेल. परत ढिला. नवरा म्हणाला, जुनी वस्तू आहे, व्हायचंच. तिसऱ्या रविवारी मी चष्मा लावून गेले आणि नीट बघितलं. स्क्रू ढिला नव्हताच. दोन्ही स्क्रू पूर्ण काढून टेबलावर मांडून ठेवले होते, शेजारी दोन कप.

"काका, हे आपोआप निघाले?"

काका बराच वेळ कप सरळ करत बसले.

"घट्ट बसतात गं. पहिल्याच दिवशी बसले होते," ते म्हणाले. "पण बसले की काम संपतं. आणि काम संपलं की तू घरी जातेस."

मी बंदूक उचलली नाही. खुर्ची ओढून बसले आणि स्क्रू त्यांच्या बाजूला सरकवले.

"आज नको," मी म्हटलं. "माझा हात दुखतोय. पुढच्या रविवारी बघू."