गव्याच्या नाकावरची बुरशी

गव्याच्या नाकाला बुरशी लागली ती सोमवारी सकाळी. गवा भिंतीवर रंगवलेला होता, भिंत सिमेंटची होती, बुरशी मात्र अस्सल होती.

खरी गुहा टेकडीच्या पोटात आहे. हजारो वर्षं ती कुणाच्या अध्यात ना मध्यात होती. मग माणसं बघायला येऊ लागली, त्यांच्या श्वासाने चित्रांवर बुरशी चढली आणि सरकारने पोलादी दार लावून कुलूप घातलं. पेश-नोआर गावाचं पोट त्या चित्रांवर. गावाने टेकडीखाली गुहेची हुबेहूब नक्कल उभी केली. तेच गवे, तेच घोडे, तोच काळोख आणि यंत्राने राखलेला तेरा अंशांचा ओलसर गारवा. तिथली झाडलोट, यंत्र आणि किल्ल्या फिर्मांकडे होत्या.

फिर्मांला चित्रांत गम्य नव्हतं, गारव्यात होतं. काळोख आहे, ओल आहे, उंदीर नाही. असली जागा पर्यटकांवर वाया जाते हे त्याच्या जिवाला लागायचं. त्याच्या स्वतःच्या तळघरात बायकोने, जोझेतने, घर ऊबदार ठेवणारा बंब बसवून घेतला होता. तेव्हापासून तिचे पाय गरम आणि त्याचं शेळीच्या दुधाचं चीज नासलेलं. जत्रेतलं चीजचं पहिलं बक्षीस दरवर्षी जोझेतचा भाऊ अल्बान न्यायचा, आणि वर पेला उंचावून म्हणायचा, "दाजी, चीज तळघरात मुरतं, बंबखान्यात नाही." यंदा त्याचं तोंड बंद करायचंच, असं फिर्मांने ठरवलं होतं.

म्हणून गव्याच्या भिंतीमागे, दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेल्या बोळात, त्याने फळ्या मारल्या आणि चीजच्या चकत्या मांडल्या. थोड्याच दिवसांत वास भिंतीच्या अलीकडे आला. गाईड मुलगी गोंधळली, पण सरपंचबाई मादाम वेसिएर कधी गोंधळत नसत. लोकांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांग, हा आपल्या पूर्वजांचा वास आहे, असं त्यांनी तिला बजावलं. लोक श्वास घेऊ लागले. बोर्दोहून आलेल्या एका बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. असला वास देशातल्या दुसऱ्या कुठल्याच नकली गुहेला नाही, असं सरपंचबाई येईल त्याला सांगत, आणि फिर्मां झाडूवर हनुवटी टेकून नम्रपणे ऐकत उभा राही.

मग नाकावर बुरशी आली. दुपारपर्यंत ती शिंगांपर्यंत पोचली आणि संध्याकाळी शहरातून बुरशीचे तज्ज्ञ प्राध्यापक रूझ्येर आले. त्यांनी भिंत खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा पुन्हा हुंगलं. नंतर म्हणाले की प्रकरण गंभीर आहे. नक्कल इतकी उत्तम साधली आहे की तिला मूळ गुहेचा रोगसुद्धा जडला आहे. गुहा बंद करा, आत मी एकटाच जाईन. फिर्मांच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या.

जत्रा रविवारी होती. चीज रोज उलटावं लागतं, नाहीतर खालून सडतं. फिर्मांने सरपंचबाईंना गाठून विचारलं, "मादाम, नकली गुहेला श्वासाने काय होणार आहे?"

"नकली म्हणून हिणवू नकोस," सरपंचबाई म्हणाल्या. "खरी गावाला फुकट मिळाली होती. हिचं कर्ज अजून फिटतंय."

घरी जोझेतने सरळ उपाय सांगितला. "जा आणि कबूल कर."

"नोकरी जाईल."

"मग चीजवर पाणी सोड."

"मला विचार करायला वेळ दे," फिर्मां म्हणाला. विचार करण्यात शनिवार उजाडला.

शनिवारी बाराचे टोले पडले. बारा ते दोन या गावात चोरसुद्धा जेवायला बसलेला असतो, त्यामुळे गुहेपाशी चिटपाखरू नव्हतं. फिर्मांने आयुष्यात पहिल्यांदा दुपारचं जेवण चुकवलं. मागच्या दाराच्या किल्लीची नक्कल त्याने कधीच करून ठेवली होती. त्या गावात नक्कल करण्यात कुणाला वावगं वाटत नाही. बोळात शिरून पाहतो तर दिवा लागलेला. प्राध्यापक रूझ्येर पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर रुमाल, एका हातात पाव, दुसऱ्या हातात चाकू.

"या, बसा," ते म्हणाले. "मी ओव्हेर्नच्या डोंगरातला. आमच्याकडे पोराला चालायच्या आधी चीजची बुरशी ओळखता येते. ही मी सोमवारीच ओळखली."

फिर्मांने हळूच दार लोटून घेतलं. "मग गुहा का बंद केलीत?"

"सोमवारी ते कच्चं होतं." प्राध्यापकांनी चाकू पुसला. "रोज उलटवलंय, काळजी करू नका. खालच्या फळीला मीठ जरा कमी पडलंय."

चार दिवसांच्या विश्रांतीने रोग आटोक्यात आला, व्हिनेगरने पुसून घ्या, असा निर्वाळा देऊन प्राध्यापक त्याच दुपारी निघून गेले. त्यांची बॅग जाताना जास्त जड होती.

रविवारी फिर्मांला पहिलं बक्षीस मिळालं. हा क्षण त्याने इतक्यांदा मनात रंगवला होता की त्याला खरंच भरून आलं. अल्बान मात्र गप्प बसणारा नव्हता. "बंबखान्यात असलं चीज होणं शक्य नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "दाजी, हे मुरवलंस कुठे?"

नेमका तेव्हाच सरपंचबाईंनी एक तुकडा उचलला. तो तोंडापर्यंत पोचलाच नाही, नाकापाशी थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि गुहेतले लोक घेत तसा खोल श्वास घेतला. फिर्मांने मनात हिशेब केला. बक्षीस गेलं, नोकरी गेली, आणि आता जन्मभर अल्बानचं ऐकायचं.

सरपंचबाईंनी डोळे उघडले. तुकडा खाल्ला, सावकाश चावला आणि अल्बानकडे वळल्या.

"चांगलं चीज कुठे मुरलं हे विचारायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग फिर्मांच्या कोटाला रिबीन लावली आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या गालाला गाल लावला.

"माझ्याकडे डुकराच्या दोन खारवलेल्या तंगड्या आहेत," त्याच्या उजव्या कानात त्या पुटपुटल्या. मग दुसऱ्या गालाकडे आल्या. "घोड्यांच्या भिंतीमागे जागा आहे का?"