तो नुसता बघत बसतो

सिनेमा सुरू होऊन पन्नास मिनिटं झाली होती आणि पडद्यावरच्या डिटेक्टिव्हने अजून कुणाला एक प्रश्नही विचारला नव्हता. फ्रान्सातल्या कुठल्याशा लहान गावात शाळेची घंटा चोरीला गेली होती. हा गोलसर, मवाळ माणूस सायकलवरून एकेकाच्या घरी जायचा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि समोरच्याकडे मायेने बघायचा. बस्स. थोड्या वेळाने समोरचाच आपणहून बोलायला लागायचा.

वाचनालयाच्या हॉलमध्ये एकतीस माणसं होती. मागच्या खोलीत, भिंतीतल्या झरोक्याशी, ग्रंथपाल लॅपटॉप सांभाळत बसली होती. तिच्या मांडीवर सात महिन्यांची ठमी नुकतीच झोपली होती. ठमी झाल्यापासून महिन्यातली ही एक रविवारची दुपार एवढंच काय ते तिचं स्वतःचं उरलं होतं. हा सिनेमासुद्धा तिने घरी अकरा तुकड्यांत पाहिला होता. ठमी रडली की बंद, झोपली की सुरू.

आणि आज ती दुपारही जायच्या बेतात होती.

"एक जरी माणूस मध्येच उठून गेला," वाचनालयाच्या अध्यक्षांनी दारातच बजावलं होतं, "तर हे सिनेमाचं खूळ बंद. हॉल टेबल टेनिसला."

"आणि कुणीच नाही उठलं तर?"

"फ्रेंच सिनेमा आहे ना? मग बघू," असं म्हणून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले होते.

डिटेक्टिव्ह बेकरीवाल्या बाईंच्या स्वयंपाकघरात शिरला. बाईंनी कॉफी दिली. त्याने कप उचलला आणि मान वर करून सरळ प्रेक्षकांकडे पाहिलं. नेमक्या त्या क्षणी ठमीने झोपेत आळस दिला, पाय ताणला आणि टाच लॅपटॉपवर टेकवली.

डिटेक्टिव्ह बघतच राहिला.

पहिली चार-पाच मिनिटं ग्रंथपालच्याही काही लक्षात आलं नाही. काय नजर आहे, असं तिच्या मनात येत होतं. मग तिला जाणवलं की कॉफीची वाफसुद्धा जागच्या जागी उभी आहे. तिने खाली पाहिलं. गुबगुबीत गुलाबी टाच बरोब्बर सिनेमा थांबवायच्या त्या लांबड्या बटणावर होती. माउस टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला. टाच उचलावी तर ठमी उठणार, उठली की भोकाड पसरणार, आणि त्या भोकाडासरशी निम्मा हॉल घरी जाणार.

तिने झरोक्यातून पाहिलं. एकही माणूस हलला नव्हता. एकतीस चेहरे वर करून, तोंडं किंचित उघडी टाकून, सगळे त्याच्याकडे बघत होते.

"याला म्हणतात तपास," निवृत्त फौजदार बायकोच्या कानाशी कुजबुजले. त्यांची कुजबुज तीन रांगांना ऐकू जात असे. "तीस वर्षं मी टेबलं आपटली. हा बघ, पापणी हलवत नाही!"

मिनिटभराने बायको म्हणाली, "अहो, तुमची ती शिट्टी हरवली नव्हती. मी टाकून दिली."

"काय? अकरा वर्षं शोधतोय मी ती!"

"माहितीये. दोनदा तर मीही शोधू लागले तुम्हाला. रोज पहाटे वाजवून उठवायचात सगळ्यांना. पण आज हा माणूस असा बघतोय ना, मला राहवेना."

फौजदारांनी पडद्याकडे पाहिलं. रागवायचं त्यांना सुचलंच नाही.

मागच्या रांगेत शिंपी खाकरला. "डॉक्टर, तुमच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच आखूड झालीये."

"तू तर म्हणालास, वयाने हात लांबतात!" शेजारचे दाताचे डॉक्टर म्हणाले.

"म्हणालो खरं."

डॉक्टरांनी डावी बाही खाली ओढून पाहिली. "तुझी ती दाढ काढली ना मी... किडलेली तिच्या शेजारची होती."

"म्हणून दुसऱ्यांदा बोलावलंत?"

"म्हणून."

दोघांनी अंधारात एकमेकांचा हात दाबला.

मग हॉलभर हलके हलके आवाज उठू लागले. कुणी सुनेला काही सांगत होतं, कुणी शेजाऱ्याला. कुणी नुसतंच नाक ओढत होतं. ग्रंथपाल ऐकत होती. पडद्यावर एक थांबलेलं चित्र होतं, दुसरं काही नाही. पण देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहावं तशी ही माणसं त्याच्यासमोर मोकळी होत होती. तिने ठमीच्या केसांवर ओठ टेकले आणि तीही बघत राहिली.

एवढ्यात पहिल्या रांगेतून अध्यक्ष उठले. गेला हॉल!

पण ते दाराकडे गेलेच नाहीत. पडद्याकडे तोंड करून, शाळेतल्या पोरासारखे हात जुळवून उभे राहिले.

"मी सांगतो," ते म्हणाले. "हॉल टेबल टेनिसला द्यायची सही मी कालच केलीये. आज नुसतं बघायचं नाटक करायला आलो." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टर्रकन फाडला.

त्या आवाजाने ठमी दचकली. पाय उडाला, टाच पुन्हा बटणावर आपटली. डिटेक्टिव्हने कॉफीचा घोट घेतला आणि मान हलवली.

अख्ख्या हॉलने सुस्कारा सोडला.

"बघितलंत?" फौजदार ओरडले. "कबुली मिळाल्याशिवाय हलला नाही गडी!"

सिनेमा संपल्यावर लोक पावलं न वाजवता बाहेर पडले. ग्रंथपाल ठमीला कडेवर घेऊन अध्यक्षांसमोर गेली. हॉल वाचला होता. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण इतक्या जणांचं ऐकल्यावर तिलाही राहवेना.

"सर, तो बघत नव्हता. सिनेमा अडकला होता. हिची टाच लागली."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ठमीच्या टाचेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"किती वेळ?"

"एकोणीस मिनिटं."

"हं." त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "पुढच्या रविवारी हाच सिनेमा परत लावा. माझ्या थोरल्या भावाला घेऊन येतो. सहा वर्षं बोललेलो नाही आम्ही."

"आणि सर, अडकलेलं ते...?"

"तो फार हट्टी आहे हो," अध्यक्ष काकुळतीने म्हणाले. "पाऊण तास तरी अडकवा."