एकतीस इंचांचा जावई

जावई आंघोळीला गेले, बाथरूमचं दार लागलं आणि बादलीत पाणी पडायला लागलं, तसे कारभारी बोरस्ते हळूच आतल्या खोलीत शिरले. खुंटीवर जावयाचा कमरेचा पट्टा लटकत होता. तो त्यांनी खाली काढला, खिशातून टेप काढला आणि बकलपासून मोजायला सुरुवात केली. पाच भोकांपैकी एकच भोक रोज वापरून लांबट झालं होतं. तिथपर्यंत बरोबर एकतीस इंच भरले. कारभाऱ्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा एकतीस. मग पट्टा होता तसा अडकवून ते बाहेर आले आणि पेपर वाचत बसले.

कारभाऱ्यांची सगळी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती. भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं त्यांनी निफाडपासून हरसूलपर्यंत बांध तुडवले. त्यांच्या मोजणीनंतर भाऊबंद एकमेकांशी भांडायचे, पण मोजणीशी कुणी भांडल्याचं ऐकिवात नव्हतं. गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन इंदिरानगरच्या घरात स्वस्थ बसले, तरी टेप काही खिशातून निघाला नाही. नवीन फ्रिज आला तेव्हा त्यांनी आधी तो मोजला, मग दार मोजलं आणि मगच हमालांना आत येऊ दिलं.

पण जावयाची कंबर चोरून मोजण्याची पाळी त्यांच्यावर त्यांच्याच जिभेनं आणली होती. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, तेजस्विनीच्या साखरपुड्यात कुणीतरी कौतुकानं सांगितलं की मुलगा गोव्याला इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रावर मोठा पतंग घेऊन पाण्यावरून फळीवर उभा राहून पळतो. मुलगा म्हणजे मयूर, अंगानं काडीसारखा. कारभारी भर मांडवात म्हणाले, "पतंग उडवतो ते ठीक हाय, पण ह्याला कोण धरणार? वारा आला तर पतंगाच्या आधी हाच जायचा." मांडव हसला. मयूरही हसला, पण तेव्हापासून सासऱ्यांशी तो दोनच वाक्यं बोलायचा. एक "हो मामा" आणि दुसरं "बरं मामा." कारभाऱ्यांना एकुलती एक मुलगी आणि त्यामुळे एकुलता एक जावई. त्याच्याशी मनमोकळं बोलावं, त्यानं चार गोष्टी सांगाव्यात, असं त्यांना फार वाटायचं. आपण बोललो ते चुकलं हे त्यांना कळत होतं, पण जावयाची माफी कशी मागतात ते ठाऊक नव्हतं.

अशात दोन हजार सातचा अधिक महिना जवळ आला. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, तेहेतीस अनारसे आणि वाण द्यायचं, धोंड्याचं जेवण घालायचं. त्यांच्या बायकोच्या, सविताबाईंच्या मनात अंगठी होती. पण तेजूशी फोनवर बोलताना कारभाऱ्यांच्या कानावर आलं की घरात एकच हार्नेस आहे आणि तोही फाटलाय, दोरीनं बांधून दिवस काढताहेत. कारभाऱ्यांनी त्याच क्षणी ठरवलं की वाण द्यायचं तर हार्नेसचं. पतंगावरून जे बिघडलं ते पतंगावरूनच जुळवायचं. मात्र ते जावयाला आधी कळता कामा नये.

आता हार्नेस म्हणजे काय, इथपासून तयारी होती. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून त्यांनी दोन दिवसांत विषय समजून घेतला. रुंद पट्टा, पुढे लोखंडी आकडा. पतंगाची ओढ त्या आकड्यावर घ्यायची म्हणजे हात उखडत नाहीत. पट्टा मात्र घट्ट बसला पाहिजे, सैल असला की वर सरकून बरगड्या सोलतो. हे त्यांना लगेच पटलं. जू सैल असलं की बैलाचा खांदा सुजतो, हे त्यांनी लहानपणी घरच्या शेतात पाहिलेलं होतं.

नाशकात असली वस्तू मिळणं शक्य नव्हतं. खेळाच्या सामानाच्या एका दुकानात त्यांना वजनं उचलायचा पट्टा दाखवला, दुसऱ्यात कंबरदुखीचा. शेवटी दुबईला असलेल्या पुतण्याला, संतोषला फोन लावला. संतोष मेअखेरीस सुट्टीवर यायचाच होता.

"काका, दुकानदार विचारतोय, कमरेचा देऊ का बसायचा?"

"म्हणजे?"

"बसायच्याला खाली मांड्यांतून पट्टे असतात. शिकाऊ लोक तो घेतात. कमरेचा म्हणजे नुसता कमरेला, तो तयार लोकांचा."

कारभाऱ्यांनी कागदावर दोन रकाने आखले आणि गुण-दोष लिहून काढले. सविताबाईंचं मत बसायच्याला पडलं, कारण जावई बसलेले असले म्हणजे दमत नाहीत. पण शिकाऊ माणसाची वस्तू जावयाला देणं म्हणजे मांडवातलं बोलणं पुन्हा बोलल्यासारखंच झालं असतं. शिवाय ते मांड्यांतले पट्टे कारभाऱ्यांना लंगोटासारखे वाटले, आणि वाणाच्या ताटात लंगोट ठेवायला त्यांचं मन धजेना. तेव्हा कमरेचा ठरला. राहिलं माप. मेच्या सुरुवातीला निफाडच्या एका लग्नासाठी मयूर आणि तेजू दोन दिवस आले, तेव्हा तेही काम वर सांगितल्याप्रमाणे पार पडलं.

इथे एक पेच निघाला. लहान साइज अठ्ठावीस ते एकतीस इंच, मधला एकतीस ते चौतीस. जावई बरोबर हद्दीवर होते. हद्दीचे वाद मिटवण्यात कारभाऱ्यांचा जन्म गेलेला. त्यांनी संतोषला दुकानदाराकडे खोदून खोदून विचारायला लावलं आणि उत्तर आलं की पाण्यात भिजून पट्टा थोडा सैल पडतो, हद्दीवर असेल तर लहान घ्यावा. लहान घेतला. मेअखेर संतोष तो घेऊन आला. काळाभोर, आतून मऊ, पुढे चकचकीत आकडा. कारभाऱ्यांनी तो कपाटात धोतरजोड्यांखाली ठेवला आणि रोज एकदा उघडून पाहू लागले.

जूनच्या सुरुवातीला समुद्र खवळला, मयूरचा खेळ बंद झाला आणि तो दोन आठवड्यांची रजा टाकून तेजूसह नाशकात आला. आल्या दिवशी सविताबाईंनी आमरस-पुरी केली. दुसऱ्या दिवशी मांडे. तिसऱ्या दिवसापासून नातेवाइकांकडची धोंड्याची आमंत्रणं सुरू झाली. एक निफाडला, एक पिंपळगावला, दोन सिन्नरला. जाईल तिथे पुरण भरलेले धोंडे आणि त्यावर वाटीभर तूप. काडीसारखा मयूर मान खाली घालून निमूट जेवायचा. कुणी आग्रह केला की "बरं" म्हणायचा आणि पुन्हा जेवायचा.

चौथ्या सकाळी कारभाऱ्यांनी सहज पट्टा पाहिला आणि लगेच खिशातला टेप काढला. बकलची खूण एक भोक पुढे सरकली होती. बत्तीस. त्या दिवसापासून जावई आंघोळीला गेले की सासरे टेप घेऊन खोलीत, असा रोजचा नेम झाला. सातव्या दिवशी खूण आणखी एक भोक पुढे गेली. चौतीस वर्षांत मोजलेली जमीन एका रात्रीत वाढल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण जमीन जेवत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "जरा हात आखडता घे. मयूररावांना कमी वाढ."

सविताबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "जावयाला? धोंड्याच्या महिन्यात? तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"अगं, पट्टा बसायचा नाय."

"मग पट्टा मोठा आणायचा होता. माणूस बारीक करून पट्टा बसवतात व्हय कुठं?"

कारभाऱ्यांनी कपाट उघडून हार्नेस पुन्हा एकदा ताणून पाहिला. तो बदलून आणायला दुबई जवळ नव्हती आणि घरच्या धोंड्यासाठी ठरवलेला गुरुवार आठवड्यावर आलेला. मग त्यांनी जावयाला रोज पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला न्यायला सुरुवात केली. वर जाऊन खाली येईपर्यंत दोघांत पाच-सहा वाक्यं व्हायची. त्यांतली चार कारभाऱ्यांची आणि उरलेली "हो मामा." व्यायामाचा परिणाम मात्र तात्काळ दिसला. घरी आल्यावर मयूर दोनऐवजी चार धपाटे खाऊ लागला.

शेवटी त्यांना एकादशी आठवली. अधिक महिन्यातल्या एकादशीचं पुण्य केवढं असतं, ह्यावर त्यांनी जावयासमोर अर्धा तास प्रवचन केलं. मयूर "बरं मामा" म्हणाला आणि उपासाला तयार झाला. सविताबाईंना तर आनंदच झाला. जावई इतके धार्मिक आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली, भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, तुपात रताळी परतली, वर शेंगदाण्याचे लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण कारभाऱ्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या सकाळी खुंटीवर पट्टाच नव्हता. तो बॅगेत गेला होता आणि जावई नाडीचा पायजमा घालून झोपाळ्यावर बसले होते. हद्दीचा दगडच कुणी उपटून नेल्यावर मोजणी कुठून करायची, असं कारभाऱ्यांना झालं.

धोंड्याचा गुरुवार उजाडला. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे आणि शेजारी जरीच्या रुमालाखाली झाकलेलं वाण. सविताबाईंनी ओवाळलं. कारभाऱ्यांनी रुमाल काढला.

मयूर पाहतच राहिला. त्यानं हार्नेस उचलला, आतून हात फिरवला, आकडा हलवून पाहिला. "मामा," तो म्हणाला, "हा तुम्ही आणला? आणि तोही कमरेचा?"

एवढं लांब वाक्य त्यांनी जावयाच्या तोंडून प्रथमच ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. पण मयूर लगेच उठून तो कमरेला लावायला लागला आणि कारभाऱ्यांनी देवाकडे पाहिलं. पट्ट्याची दोन टोकं समोरासमोर आली, पण भेटेनात. मयूरनं पोट आत घेतलं. तेजूनं मागून ओढलं. सविताबाईंनी मदतीला हात लावला. मध्ये चार बोटांचं अंतर राहिलं ते राहिलंच.

"माझं माप चुकलं नव्हतं," कारभारी खाली मान घालून म्हणाले. "एकतीसच होतं. मीच मोजलं होतं."

"माहीत आहे," मयूर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मयूरचा चेहरा लाल झाला होता, पण एकदा तोंड उघडल्यावर आता त्याला थांबता येईना. "मामा, आल्यावर चौथ्याच दिवशी मी टॉवेल विसरलो म्हणून दार उघडलं, तर तुम्ही माझा पट्टा मोजत होता. मग रोजच पाहिलं. मला वाटलं, जावई अंगानं सुधारतोय का नाही ते तुम्ही बघताय. साखरपुड्यात तुम्ही म्हणाला होता ना, मी वाऱ्यानं उडून जाईन. म्हटलं, होऊ दे मामांच्या मनासारखं. म्हणून जेवत गेलो."

"अहो, पण मी तर रोज काळजीनं अर्धा होत होतो."

"तेच ना. मोजून झालं की तुमचा चेहरा पडायचा. मला वाटायचं अजून कमी पडतंय. म्हणून मी आणखी एक धोंडा घ्यायचो."

तेजू आधी खुदकन हसली, मग तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. कारभारी हसले, मयूर हसला आणि सविताबाई तर पदर डोळ्यांना लावून हसल्या. हसण्याच्या भरात कारभारी म्हणाले की त्या दिवशी मांडवात मी बोललो ते चुकलंच, मयूरराव. इतके दिवस न सुचलेली माफी अशी सहज निघून गेली.

हसू आवरल्यावर तेजूनं हार्नेस उचलला आणि पंजाबी ड्रेसवरून स्वतःच्या कमरेला लावला. तो टक्कन बसला. "पप्पा, जुना हार्नेस फाटला तो कुणामुळे, ते विचारा तुमच्या जावयाला," ती म्हणाली. जानेवारीपासून ती पण शिकत होती. बापाला पतंग आवडत नाही म्हणून इतके दिवस घरी बोलली नव्हती.

पोरगी समुद्रावर उडते हे ऐकून सविताबाई मटकन पाटावर बसल्या आणि जावयाचं वाण लेकीला चालत नाही, एवढंच म्हणाल्या. मयूरनं तोही प्रश्न सोडवला. वाण त्यानं रीतसर कपाळाला लावून घेतलं, आणि घेतलेली वस्तू कुणाला द्यायची हा आपला अधिकार, असं सांगून ते तेजूला दिलं. कारभारी लेकीभोवती एक फेरी मारून आले. पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, बोट जाईना. माप चोख होतं, माणूस तेवढा बदलला होता, आणि त्यांना ह्या घडीला त्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. वारा किती लागतो, दोरी किती लांब असते, पडलं तर काय करतात, असं त्यांनी जावयाला विचारायला सुरुवात केली आणि मयूर हातवारे करून सांगत सुटला. वाढलेली आमटी निवून गेली तरी दोघांचं थांबेना.

"मग आता तुम्हाला दुसरा आणायला हवा," कारभारी म्हणाले. "संतोष पुढच्या महिन्यात परत जातोय."

मयूर उठला, त्यांच्यासमोर येऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. "मग मामा, ह्या वेळी समोरून घ्या माप."

कारभाऱ्यांनी खिशातून टेप काढला आणि जावयाच्या कमरेभोवती टाकला. तेवढ्यात सविताबाई धोंड्यांचं पातेलं आणि तुपाची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"आत्ता नका मोजू," त्या म्हणाल्या. "त्यांचं जेवण व्हायचंय अजून."