भालेरावांची काळीभोर काच

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ओल्या डोक्याच्या माणसाला भालेरावांच्या गाडीत प्रवेश नाही. हा नियम मला सिन्नर फाट्यावर, भर पावसात कळला. त्यांनी गाडीची काच दोन बोटं खाली केली, फटीतून टॉवेल सरकवला आणि म्हणाले, "आधी कोरडे व्हा. ओल म्हणजे वैरी!"

मी हादरलो. पावसात उभं राहून माणसाने कोरडं व्हायचं कसं?

सिन्नरच्या आमच्या कारखान्यात मी हिशेब बघतो आणि सिद्धार्थ भालेराव नव्या जातीच्या सौर काचा बनवतात; नाशिक रोडहून मी येतो-जातो त्यांच्याच गाडीतून. पेरोव्हस्काइट नावाच्या रसायनाचा पातळ थर काचेवर द्यायचा, ऊन पडलं की वीज. प्रयोगशाळेत नखाएवढ्या तुकड्यावर हे झकास जमलं होतं. आता दाराएवढी काच करायची, तर थर कुठे जाड, कुठे पातळ. त्यात जराशी ओल शिरली की काळीभोर काच हळदीसारखी पिवळी पडते. मेलीच म्हणायची.

तेव्हापासून भालेरावांना जगात हेच दिसतं. माझ्या मुलीच्या लग्नात बासुंदीचा पहिला घोट घेऊन ते भर पंगतीत गरजले, "आचाऱ्याच्या नमुन्याच्या वाटीत काय चव होती! नखाला जमलं, दाराला नाही जमलं!" व्याही माझ्याकडे बघत राहिले. मी ताटाकडे.

पण खरा धक्का वेगळाच होता. यंदा त्यांनी दाराएवढी एक काच इगतपुरीला नेऊन ठेवली, वडिलांच्या अंगणात. तिथला पावसाळा सोसला, तर ती कुठेही टिकेल. रेल्वेतून निवृत्त झालेले आबा तिथे एकटेच राहतात. रोज गाडीतून त्यांना फोन व्हायचा आणि तो मला ऐकावा लागायचा.

"आबा, काळी आहे ना?"

"काळीभोर हाय."

"कडेला पिवळी?"

"नाय रं. लय झ्याक हाय."

मग वारा, धुकं, काचेवर बसलेला कावळा. पण "आबा, जेवलात का?" एकदाही नाही! शेवटी मी बोललोच, "अहो, बाप आहे तो! काचेचा वॉचमन नाही."

"विषय काचेचा आहे," भालेराव म्हणाले. मी आ वासला तो नाशिक रोडपर्यंत मिटला नाही.

मग एके दिवशी फोन लागेना. संध्याकाळपर्यंत लागेना. भालेरावांनी चालू यंत्र सहकाऱ्याच्या हवाली केलं, पावसातून पळत येऊन ते नखशिखान्त भिजलेले गाडीत बसले आणि सिन्नरहून घोटीमार्गे गाडी जी सोडली! मी टॉवेल पुढे केला, तो त्यांना दिसलाही नाही.

आबा दारातच उभे होते, ठणठणीत. वीज गेली होती, फोन चार्ज झाला नव्हता, एवढंच. मी सुटकेचा श्वास सोडला आणि अंगणात बघून तो परत आत ओढला. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळीधमक!

आबांनी मान खाली घातली. "पयल्याच आठवड्यात पिवळी पडली रं, सिदू. सांगितलं असतं, तर तुझा फोन बंद झाला असता."

"मला ठाऊक होतं, आबा." भालेराव कपाळावरचं पाणी निपटत म्हणाले. "काचेतून वीज येणं थांबलं, ते त्याच दिवशी मला तिकडे मोबाइलवरच्या मीटरवर दिसलं. कारखान्यात कळवलंसुद्धा. पुढची काच बनतेय."

"मग रोज 'काळी आहे ना, काळी आहे ना' कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

भालेराव माझ्याकडेच बघत होते, आबांकडे नाही. "आई गेल्यापासून 'कसे आहात' विचारलं, की हे 'बरा हाय' म्हणतात आणि फोन ठेवतात. काचेवर पाच-दहा मिनिटं बोलतात."

आबांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा लेकाकडे.

"म्हंजे मी येवढे दिवस फुकटच खोटं बोललो व्हय रं?"